कॅमेरे मोजू नका, माणसं नेमा!

20 ऑगस्ट 2024 रोजी बदलापूर स्थानकात सकाळपासून संध्याकाळपर्यंत रूळ अडवून उभ्या राहिलेल्या लोकांना काय हवं होतं, हे अंबरनाथ पूर्वेतल्या पालकांना वेगळं सांगायला नको. गोष्ट पुढच्याच स्थानकावरची. शिशुवर्गातल्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाला आणि गुन्हा नोंदवण्यासाठी आईबापांना तासन्‌तास ताटकळावं लागलं. तो संताप खरा होता. त्या संतापाच्या पदरात पुढे काय पडलं, ते मात्र पाहायला हवं.

दुसऱ्याच दिवशी शासन निर्णय निघाला. कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासा, तक्रारपेटी ठेवा, समित्या नेमा, सहावीपर्यंत शक्यतो महिला कर्मचारी घ्या. यातलं काहीही चुकीचं नाही. पण महिन्याभराची मुदत आणि कारवाईचा धाक लाभला तो सीसीटीव्हीला. माणसाच्या वाट्याला 'शक्यतो' आला.

बदलापूरच्या त्या शाळेत कॅमेरे होतेच. पंधरा दिवसांचं चित्रण गायब असल्याचं तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनीच जाहीर केलं. ज्याच्यावर आरोप झाला तो कंत्राटी सफाई कामगार 1 ऑगस्टला कामावर आलेला. म्हणजे यंत्र भिंतीवर होतं आणि मुलांच्या आसपास कोण वावरतं याचा हिशेब कंत्राटावर सोडलेला होता. अशा घटनेनंतर पहिला उपाय म्हणून पुन्हा यंत्रच पुढे करणं, ही निव्वळ कामचुकारी आहे.

अपघातांचंही तेच. जून 2022 मध्ये अंबरनाथ पूर्वेत शाळेची बस उलटली. कॅमेऱ्याने ते नीट टिपलं आणि ते चित्रण मोबाइलवरून घरोघरी पोचलं. टिपण्यापलीकडे कॅमेरा काय करणार? बस मागे घेताना खाली उतरून चालकाला हात दाखवणं, दार लागल्याची खात्री करणं, बालवाडीतलं पोर रस्त्यापलीकडच्या आजीच्या हाती देणं, ही बसमधल्या मदतनीस मावशींची कामं. महाराष्ट्राच्या 2011 च्या शाळा बस नियमांत मदतनीस सांगितलेला आहे, मुली असतील तर महिला मदतनीस. मग शिवाजी चौकात सकाळी उभं राहून कुणीही पाहावं: पोरं कोंबलेल्या किती व्हॅन आणि रिक्षांत चालकाखेरीज दुसरं मोठं माणूस दिसतं?

माणूस ठेवल्याने फरक पडतो का, याचं उत्तर बांगलादेशाने दिलेलं आहे. तिथे खेड्यांत लहान मुलं घराजवळच्या तळ्यात बुडून मरत. आई कामात असते त्या सकाळच्या वेळी मुलांना सांभाळणारी 'आंचल' केंद्रं सुरू झाली. गावातलीच एक बाई, तिला प्रशिक्षण, आणि तिच्यापाशी पंचवीसेक मुलं. केंद्रात येणाऱ्या मुलांचे बुडून होणारे मृत्यू सुमारे 80 टक्क्यांनी कमी झाले. गावच्या एका बाईच्या पगारात हे साधलं!

माणसं नेमा म्हटलं की ठरलेली दोन उत्तरं येतात. पहिलं, "लक्ष आईबापांनीच ठेवायला हवं." पहाटेची लोकल धरून साठ किलोमीटरवरच्या सीएसएमटीला कामाला जाणाऱ्या बाईला हे ऐकवायला जीभ रेटते तरी कशी? तिने मूल शाळेच्या स्वाधीन केलं, फी भरली, बसचे पैसे वेगळे मोजले. त्या वेळेत लक्ष ठेवणं ही पैसे घेणाऱ्याचीच जबाबदारी.

दुसरं उत्तर, "पैसा कुठून आणायचा?" इमारतीच्या रंगाला, स्नेहसंमेलनाच्या मंचाला आणि डिजिटल फळ्याला पैसा निघतो. मावशींच्या पगाराशी आला की आटतो. सरकारही वेगळं वागत नाही. लहान मुलं सांभाळणाऱ्या अंगणवाडी सेविकांना डिसेंबर 2023 मध्ये संपावर जावं लागलं तेव्हा त्यांचं मानधन दहा हजार आणि मदतनिसांचं साडेपाच हजार होतं. संप पन्नासहून अधिक दिवस चालला. मुलांजवळ दिवसभर उभ्या राहणाऱ्या बाईला पगार नव्हे, मानधन द्यायचं, आणि तिचं काम कोणालाही जमतं असं धरून चालायचं! मूल घशात काही अडकून गुदमरलं तर पहिल्या दोन मिनिटांत काय करायचं, हे शिकवावं लागतं. भाजल्यावर जखमेवर टूथपेस्ट न चोपडता वाहतं गार पाणी सोडायचं, हेही शिकवावं लागतं.

शाळेच्या परिवहन समितीवर पालकांचा प्रतिनिधी असतो. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी त्याने बैठक मागावी आणि कॅमेऱ्यांच्या आकड्यावर समाधान मानू नये. प्रत्येक बसमधल्या आणि प्रत्येक मजल्यावरच्या मावशींचं नाव, नेमणुकीची तारीख, पोलीस पडताळणी, प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि दरमहा हाती पडणारा पगार, हे सगळं त्याने लेखी घ्यावं. ज्या बसला मावशी नाही, त्या बसचे पैसे पालकांनी एकत्र येऊन रोखावेत.