दुसऱ्याचं दुकान, आपलं भाडं

"झोपेतही पैसे कमवा" हे ज्याला अजून कोणी ऐकवलेलं नाही असा आयटीवाला शोधून सापडायचा नाही. स्वतःचं प्रॉडक्ट नको, गोदाम नको, गिऱ्हाइकाची कटकट नको. क्लिकबँकवर जायचं, निम्म्याहून जास्त कमिशन देणारं एखादं ई-बुक किंवा व्हिडिओ कोर्स निवडायचा, आपली लिंक घ्यायची आणि गूगलवर जाहिरात लावायची. एक डॉलर टाका, दोन काढा!

माझं म्हणणं सरळ आहे. पगारातले पैसे घालून आज नव्याने सुरू करणाऱ्याला हा धंदा परवडत नाही. मेहनतीचा, चिकाटीचा, 'माइंडसेट'चा इथे संबंधच नाही. धंद्याची बांधणीच अशी आहे की उरलेला नफा शेवटी दुसऱ्याच्या खिशात जातो.

आधी हिशोब करू. आकडे सोयीसाठी घेतलेत, तुम्ही तुमचे घालून बघा. कोर्सची किंमत ५० डॉलर, कमिशन ६० टक्के, म्हणजे एका विक्रीमागे तुम्हाला ३० डॉलर. एक क्लिक ५० सेंटला. शंभर क्लिकमागे दोन जणांनी विकत घेतलं असं धरू (अनोळखी माणसाकडून हे बरंच चांगलं झालं). खर्च ५० डॉलर, कमाई ६०. पण डिजिटल मालाला 'पैसे परत'ची हमी असते, बऱ्याच ठिकाणी ६० दिवसांची. दहापैकी एकाने पैसे परत मागितले की तुमचं कमिशनही परत जातं. राहिले ५४. म्हणजे शंभर क्लिकमागे ४ डॉलर फायदा. आता भारतातून जाहिरातीचं बिल भरताना वर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ९ डॉलर. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर ते परत मिळत नाहीत. झाला ५ डॉलरचा तोटा. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

"मग स्वस्त क्लिक शोधा ना!" हे उत्तर कोर्सवाल्यांच्या तोंडात तयारच असतं. इथेच खरी मेख आहे. क्लिकची किंमत कोणी ठरवून दिलेली नसते, ती लिलावात ठरते. तुमच्यासारखेच आणखी वीस जण तोच कोर्स विकतायत, सगळ्यांना कमिशन तेच, विक्रीचं पान तेच. त्यामुळे प्रत्येकाला परवडणारी जास्तीत जास्त बोलीही जवळपास सारखीच. कोणाला एखादा शब्द ४० सेंटला फायद्याचा दिसला की दुसरा ४२ लावणार, तिसरा ४५. तुमची जाहिरात गुप्त नसते, तो शब्द टाइप करणाऱ्या कोणालाही ती दिसते. फायदा संपेपर्यंत बोली चढते, आणि मधला सगळा पैसा लिलाव भरवणाऱ्याकडे जातो.

त्यात मूळ मालकही बोली लावू शकतो. वरच्याच आकड्यांत तुमचा एक क्लिक करापूर्वी ५४ सेंटच्या वर परवडत नाही. मालकाला विक्रीचे पूर्ण ५० डॉलर मिळतात, त्याला तोच क्लिक ९० सेंटपर्यंत परवडतो (क्लिकबँकची फी सोडून देऊ). शिवाय गिऱ्हाइकाचा ईमेल त्याच्याकडे राहतो, पुढचा कोर्स तो फुकटात विकतो. तुमच्याकडे त्या गिऱ्हाइकाचं काहीच राहत नाही. मग चांगले शब्द मालक तुमच्यासाठी का सोडेल? जे त्याला नको आहेत तेच तुमच्या वाट्याला येतात.

आपण इंजिनियर लोक म्हणतो, "टेस्ट करू, डेटा बघू." जरूर. पण टेस्टची किंमत बघितली का? खरा दर १ टक्का असेल तर शंभर क्लिकमध्ये एकही विक्री न होण्याची शक्यता ३७ टक्के. दर २ टक्के असला तरी १३ टक्के. म्हणजे शंभर क्लिकवरून काहीच कळत नाही. १ टक्का आणि २ टक्के यांतला फरक खात्रीने ओळखायचा तर जवळपास हजार क्लिक लागतात. एका शब्दामागे ५०० डॉलर! असे दहा शब्द तपासायचे म्हटले तर ५,००० डॉलर, तेही नफा अजून सुरू व्हायच्या आधी. मोठ्या कंपनीसाठी हा संशोधनाचा खर्च आहे. तुमच्यासाठी ती घराच्या डाउन पेमेंटची रक्कम आहे.

आता दुसरी बाजू. या मार्गाने लोकांनी पैसे कमावलेत, हे खरं आहे. गूगल अ‍ॅडवर्ड्स ऑक्टोबर २००० मध्ये आलं, २००२ पासून त्यात क्लिकमागे बोली लावता येऊ लागली आणि तेव्हा किमान बोली होती ५ सेंट. बोली लावणारे थोडे, शब्द ढीगभर. त्या काळात चारजणांनी बंगले बांधलेही असतील. पण पुढे काय झालं बघा. जानेवारी २००५ मध्ये गूगलने एका शोधात एका साइटची एकच जाहिरात दाखवायचा नियम केला, म्हणजे एकाच विक्री-पानाकडे पाठवणाऱ्या दहा जणांपैकी नऊ बाद. जुलै २००६ मध्ये पान सुमार असेल तर किमान बोली कित्येक पटींनी वाढायला लागली. आज गूगल अ‍ॅड्सच्या नियमांत फक्त दुसरीकडे पाठवण्यासाठी बनवलेली पानं चालतच नाहीत. आणि अ‍ॅमेझॉनने तर १ मे २००९ पासून उत्तर अमेरिकेत सर्च जाहिरातींतून आणलेल्या गिऱ्हाइकांवर अफिलिएटना कमिशन देणंच बंद केलं. लिलाव भरवणारा आणि माल विकणारा, दोघांनाही मधला माणूस नकोसा झाला, याहून स्पष्ट कोणी काय सांगायचं?

आजही काहीजणांचं बरं चाललंय. पण ते काय करतात ते नीट बघा. कोणी आठ-दहा वर्षं एका विषयावर लिहून स्वतःचा वाचक जमवलाय, कोणाकडे ईमेलची यादी आहे, कोणी सॉफ्टवेअरं खरोखर वापरून त्यांची तुलना लिहितो. त्यांची कमाई त्यांच्यावरच्या विश्वासाची आहे. तो विश्वास क्लिकमागे ५० सेंट देऊन विकत मिळत नाही.

मग 'या धंद्यातून महिन्याला लाख' शिकवणारे इतके कुठून येतात? साधा प्रश्न विचारा: ज्याच्याकडे एक टाकून दोन काढायचं यंत्र आहे, तो ते ४,९९९ रुपयांना तुम्हाला का शिकवेल? प्रत्येक नवा विद्यार्थी म्हणजे त्याच लिलावातला आणखी एक बोलीदार. शहाणा माणूस स्वतःच्या लिलावाला गर्दी जमवत नाही. त्याचं खरं प्रॉडक्ट तो कोर्सच आहे, आणि त्याचा मालक तो स्वतः आहे. म्हणजे त्याने धंदा बरोबर ओळखलाय, फक्त तुम्हाला वेगळाच शिकवतोय :-)

मंडळी, जोडधंदा करू नका असं मी म्हणत नाही. कोड लिहिता येणारा माणूस छोटंसं का होईना स्वतःचं काही बनवू शकतो. एखादं प्लगिन, एखादं अ‍ॅप, तुमच्या कामातल्या एखाद्या कटकटीवरचं पुस्तक. ते विकलं गेलं तर किंमत तुम्ही ठरवता, गिऱ्हाईक तुमचं राहतं. नाही विकलं गेलं तरी चार शनिवार-रविवार जातात, क्रेडिट कार्डाचं बिल येत नाही.

आणि तरीही हात शिवशिवत असतील तर जाहिरात लावण्याआधी एक्सेल उघडा. किंमत, कमिशन, परतावा, विक्रीचा दर, जीएसटी, असे पाच रकाने. विक्रीचा दर निम्मा धरून पुन्हा करा. शेवटच्या ओळीत काय उरतं ते बघा आणि मग कार्डाचा नंबर टाका.