दंड हा अखेरचा उपाय!

१२ नोव्हेंबर २०२१. त्रिपुरातील कथित घटनांच्या निषेधार्थ अमरावतीत मोर्चा निघाला आणि पाहता पाहता बाजारपेठेतील दुकानांवर दगड पडू लागले. त्याच्या निषेधार्थ दुसऱ्या दिवशी बंद पुकारण्यात आला, त्यालाही हिंसक वळण लागले. मग लाठीमार, अश्रुधूर, संचारबंदी आणि इंटरनेट बंद! पुढे १३ मे २०२३ च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरील एका मजकुराचे निमित्त झाले. वाहने जाळली गेली, एकाचा बळी गेला, पोलीसही जखमी झाले. पुन्हा तीच जमावबंदी आणि तोच बंदोबस्त.

अशा प्रसंगानंतर दोन ठरावीक सूर ऐकू येतात. एक म्हणतो, ‘पोलिसांनी आणखी चार फटके द्यायला हवे होते.’ दुसरा म्हणतो, ‘पोलिसांनी लाठी उगारलीच कशी?’ पहिल्याला लाठी हाच न्याय वाटतो. दुसऱ्याला दगड झेलणारा शिपाई माणूसच वाटत नाही. दगड पडण्यापूर्वीच्या चोवीस तासांत प्रशासन काय करीत होते, हा खरा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत.

भारतीय राजनीतीने साम, दाम, भेद आणि दंड असे चार उपाय सांगितले, त्यांत दंड अखेरचा. दंड फार कठोर झाला तर प्रजा भयभीत होते, फार सौम्य झाला तर राज्याची अवज्ञा होते आणि यथायोग्य असेल तरच तो पूज्य ठरतो, असे कौटिल्याने बजावले आहे. इंग्रजांना ही नीती परवडणारी नव्हती. १८५७ च्या उठावानंतर १८६१ मध्ये त्यांनी पोलीस कायदा केला, तो प्रजेच्या रक्षणापेक्षा प्रजेवर वचक ठेवण्यासाठी. १९४२ च्या ऑगस्टमध्ये वऱ्हाडाने त्या वचकाचा अनुभव घेतला. अमरावती जिल्ह्यातील यावली आणि बेनोडा या गावांच्या नावांपुढे ‘शहीद’ हा शब्द उगाच लागलेला नाही.

इंग्रज गेले, मनोवृत्ती मात्र राहिली. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळावर आलेल्या गोवारी बांधवांच्या मोर्चात लाठीमार आणि चेंगराचेंगरी होऊन ११४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक होती. ते दंगेखोर नव्हते, आपली मागणी घेऊन आलेले वनवासी होते. त्यांच्याशी वेळेवर दोन शब्द बोलायला कुणी जबाबदार माणूस गेला असता, तर?

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या १४८ व्या कलमाने जमाव पांगवण्यासाठी बळ वापरण्याचा अधिकार पोलिसांना दिला आहे. ‘कमीत कमी बळ आणि कमीत कमी इजा’ हे शब्द मात्र त्या कलमात नाहीत. ते पुढच्या, सशस्त्र सेनेविषयीच्या १४९ व्या कलमात आहेत! लष्करासाठी कायद्यानेच आखलेली मर्यादा पोलिसांच्या कलमात का नसावी? पोलिसांच्या नियमावलीत निर्देश असतात, पण ते सामान्य नागरिकाला ठाऊक नसतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणांचे आदेश दिले. त्यांत पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचाही आदेश होता. असे प्राधिकरण असते, हे वऱ्हाडातील किती जणांना माहीत आहे?

पर्याय काल्पनिक नाही. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत १९८८ मध्ये पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. पोलीस आणि नागरिक नियमित भेटू लागले, किरकोळ तंटे तिथल्या तिथे मिटू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. सणाच्या तोंडावर ठाण्यात चहा पिऊन उठणारी शांतता समिती हे काम करू शकत नाही. शांततेच्या काळात वर्षभर जोडलेली माणसेच अफवेच्या रात्री उपयोगी पडतात.

प्रत्येक संकट म्हणजे जमाव नव्हे. रस्त्यावर भरकटणाऱ्या मनोरुग्णाला कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांच्या आत त्याला सरकारी आरोग्य संस्थेत नेले पाहिजे, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. हे बीटवरच्या शिपायाला कुणी शिकवायचे?

म्हणून मागणी साधी आहे. बळाच्या वापराची मर्यादा मराठीत आणि जाहीरपणे लिहिलेली असावी. प्रत्येक लाठीमाराचा आणि गोळीबाराचा अहवाल ठरावीक मुदतीत लोकांसमोर यावा. शिपायाला ढाल, शिरस्त्राण आणि पुरेशी विश्रांती मिळावी. थकलेला, भेदरलेला माणूस संयम कुठून आणणार? जो दगड उचलेल त्याच्यावर, तो कोणत्याही मोर्चातला असो, सारखीच कारवाई व्हावी. तुष्टीकरण नको, तसाच सूडही नको.

यात समाजाचाही वाटा आहे. अफवा पुढे पाठवणारा हात आपल्याच घरातला असतो. राजकमल चौकात किंवा जुन्या अकोल्यात पुन्हा दगड पडू द्यायचे नसतील, तर वस्तीवस्तीतील सज्जनशक्तीने आजच ठाणेदाराचे दार ठोठावले पाहिजे. लाठी उगारली गेल्यावर तिथे पोहोचण्यात कसला पुरुषार्थ?