ताकदीच्या गोळ्या : नफा कोणाचा, नुकसान कोणाचे?

पेण आणि रोहा येथील बाजारपेठेत गेल्या काही वर्षांत एका नव्या मालाचा शिरकाव झाला आहे. 'ताकदीच्या गोळ्या' या नावाने तो ओळखला जातो. औषधांच्या दुकानात तर तो मिळतोच, पण व्यायामशाळेत, केशकर्तनालयात, आखातातून सुट्टीवर आलेल्या मुलांच्या बॅगेत आणि आता आमच्या काही व्यापारी बांधवांच्या गल्ल्याशेजारीही त्याचे डबे दिसू लागले आहेत. आम्ही कापडाचे व्यापारी, डॉक्टर नव्हे. परंतु जो माल आपले बांधव विकतात आणि आपलेच कारागीर खातात, त्याची परख करणे हे व्यापाऱ्याचे काम आहे, म्हणून हे चार शब्द.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. जीवनसत्त्वे म्हणजे व्हिटॅमिन ही काही फसवणूक नाही. तांदूळ जास्त सडून पांढराशुभ्र केला की त्यातील एक आवश्यक अंश कोंड्याबरोबर निघून जातो आणि बेरीबेरीचा रोग होतो, याचा सुगावा डच डॉक्टर आयकमन यांना जावा बेटावर कोंबड्यांच्या निरीक्षणातून लागला. 1929 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भात खाणाऱ्या आपल्या कोकणाने ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आजही दिवसभर मशीनवर बसणारे शिंपी, घराबाहेर कमी पडणाऱ्या आपल्या माता-भगिनी यांना ऊन मिळत नाही आणि 'ड' जीवनसत्त्व कमी पडू शकते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना अनेकदा बी-12 कमी पडते. डॉक्टरांनी रक्त तपासून गोळी दिली असेल तर ती जरूर घ्यावी, मनाने बंद करू नये.

आमचा आक्षेप आहे तो 'थोडे चांगले, तर जास्त अधिक चांगले' या समजुतीला. मीठ चिमूटभर असले तर सालनाला चव येते, मूठभर पडले तर सारे पातेले फेकावे लागते. बी आणि सी ही जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात आणि जादा भाग बराचसा लघवीवाटे निघून जातो. पण ए, डी, ई आणि के ही चरबीत विरघळणारी आहेत. ती शरीरात साठत जातात. गोदामात माल येतच राहिला आणि उठाव झाला नाही, तर काय होते हे व्यापाऱ्यांना सांगायला नको.

'ड' जीवनसत्त्वाचाच हिशेब करू. आयसीएमआरने 2020 साली प्रौढ माणसाची रोजची गरज 600 युनिट ठरविली. बाजारात जी पुडी किंवा कॅप्सूल सर्रास मिळते ती 60,000 युनिटची असते. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचा माल! म्हणूनच डॉक्टर ती साधारणपणे आठवड्यातून एक आणि काही आठवडेच घ्यायला सांगतात. कोणी ती रोज घेऊ लागला, तर 4,000 युनिटच्या रोजच्या कमाल मर्यादेच्या पंधरा पट माल पोटात जातो. मग रक्तातील कॅल्शियम वाढते, मळमळ होते, बद्धकोष्ठ होतो, तहान लागते, वारंवार लघवीला जावे लागते, आणि पुढे मूत्रपिंडावर गदा येते. माणूस हा अशक्तपणाच समजतो आणि आणखी एक गोळी घेतो. अल्लाहने दिलेल्या उन्हात मात्र ही भीती नाही. पुरेसे झाले की कातडी जादा 'ड' तयार करीत नाही. गोळीला असा लगाम नाही.

'अ' जीवनसत्त्वाचेही तसेच आहे. आखातातून येणाऱ्या मंडळींच्या सामानात माशाच्या तेलाची बाटली असतेच. कॉड माशाच्या यकृताच्या तेलात 'अ' आणि 'ड' दोन्ही असतात. त्याच्या जोडीला मल्टिव्हिटॅमिनची गोळी घेतली की दोन्हीकडून भर पडते. जादा 'अ' यकृताला अपाय करते. गर्भवती स्त्रीने ते रोज 10,000 युनिटपेक्षा जास्त घेतल्यास बाळात जन्मजात व्यंग येण्याचा धोका असतो. घरात सून गरोदर असेल तर परदेशची बाटली प्रेमाने पुढे करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावी. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठीही एक इशारा आहे. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठा प्रयोग झाला. शरीरात ज्याचे 'अ' जीवनसत्त्व बनते ते बीटा-कॅरोटीन गोळीच्या रूपाने दिलेल्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी 18 टक्के जास्त आढळला, असे 1994 साली जाहीर झाले. गाजर खाऊन जे साधते ते गोळीने साधेलच असे नाही.

पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वेही अगदी निर्धोक नाहीत. हातापायाला मुंग्या येतात म्हणून लोक नसांच्या गोळ्या वर्षानुवर्षे खातात. त्यातील बी-6 मोठ्या प्रमाणात आणि दीर्घकाळ घेतले तर त्यानेच नसा बिघडून मुंग्या येतात. सी जादा झाले तर मुतखडा होऊ शकतो. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनमुळे थायरॉईडच्या आणि हृदयविकाराच्या रक्ततपासण्या चुकीच्या येऊ शकतात. रक्त पातळ करण्याचे वॉरफरिन घेणाऱ्याने 'के' असलेली गोळी मनाने घेऊ नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. याज्ञिक यांच्या पथकाला 2008 साली असे आढळले, की गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-12 कमी होते, त्यांच्या मुलांत पुढे मधुमेहाकडे नेणारी लक्षणे अधिक होती. फॉलिक ॲसिड गर्भवतीला हवेच, पण तोल सांभाळायला हवा, एवढाच याचा अर्थ.

आता व्यापाराची बाजू. हा माल बरेचदा साखळी पद्धतीने येतो. 'तुम्ही चार माणसे जोडा, ती आणखी चार जोडतील, घरबसल्या कमवा' असे सांगितले जाते. माल विकण्यापेक्षा माणसे जोडण्यावर कमाई असेल तर तो व्यापार नव्हे. पैसे फिरविण्याच्या अशा योजनांवर 1978 च्या कायद्याने बंदी आहे, आणि थेट विक्रीच्या 2021 च्या नियमांनी पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे. शिवाय पूरक आहार विकण्यासाठी अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी किंवा परवाना लागतो. कापडाच्या दुकानाचा परवाना तेथे चालत नाही. 'साखर बरी होते, गुडघे बरे होतात' असा दिशाभूल करणारा प्रचार केल्यास दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. डब्यावर तर बारीक इंग्रजीत छापलेले असते, की हे औषध नाही आणि सांगितलेल्या प्रमाणापेक्षा जास्त घेऊ नये. उर्दू किंवा मराठी शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्यांना ते वाचता येत नाही, आणि विकणारा वाचून दाखवीत नाही.

दीनच्या दृष्टीनेही दोन गोष्टी पाहाव्यात. खाण्यापिण्यात इस्राफ म्हणजे अतिरेक करण्यास कुरआनने मना केले आहे, आणि गोळी ही खाण्याचीच वस्तू आहे. दुसरे असे, की अनेक कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असते आणि ते जनावराच्या, कधी डुकराच्याही, कातडी-हाडांपासून बनते. वनस्पतिजन्य आवरणाच्या कॅप्सूलही मिळतात. तेव्हा विचारून घ्यावे.

रमजानच्या हंगामात रात्री उशिरापर्यंत दुकान चालते, कारागीर थकतो आणि कोणीतरी त्याच्या हातात गोळी ठेवतो. थकव्याचे कारण झोप असू शकते, रक्त कमी असणे असू शकते, साखर असू शकते. गोळीने कारण झाकले जाते, रोग वाढत जातो. ज्या कारागिराची दिवसाची मजुरी बुडाली की चूल अडते, त्याने महिन्याला हजार रुपये डब्यात घालण्यापेक्षा एकदा रक्त तपासून घ्यावे. उरलेल्या पैशात बांगडा, अंडी, वाल, शेवग्याचा पाला, दूध घरात यावे. सकाळी थोडे उन्हात चालावे.

व्यापारी बांधवांना आमची एवढीच विनंती आहे. कापड आम्ही रंग आणि पोत पाहून, गिऱ्हाइकाला खात्री देऊन विकतो. ज्या मालाची खात्री आपण देऊ शकत नाही आणि ज्याचे नुकसान गिऱ्हाइकाच्या शरीरात होते, तो गल्ल्याशेजारी ठेवू नये. गिऱ्हाइकाचा विश्वास ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. चार पैशांच्या कमिशनसाठी ती मोडली, तर त्या कमाईत बरकत कोठून येणार?