यंत्रांतील रूढी

आचारविचारांतील रूढींवर आमच्या घरांतून वाद पुष्कळ होतात. मोटार व ग्रामोफोन यांनाही रूढी असतात, आणि त्या काही मनूने घालून दिलेल्या नाहीत, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

मोटारीत क्लच डावीकडे, ब्रेक मध्ये आणि वेगाचे पेडल उजवीकडे, हा क्रम आज आम्हांस स्वयंसिद्ध वाटतो. परंतु १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीत डावे पेडल गती बदलण्याचे, मधले गाडी मागे नेण्याचे व उजवे ब्रेकचे होते. वेग वाढवावयाचा तो सुकाणूच्या चाकाखालील दांडीने, हाताने! ही गाडी कोणा हौशी श्रीमंताची नव्हे. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या विकल्या गेल्या. तीवर पाय बसलेला मनुष्य दुसऱ्या बनावटीच्या गाडीत बसला व समोर मूल आडवे आले, तर सवयीने उजवे पेडल दाबताच गाडी थांबण्याऐवजी उसळावयाची. आजचा क्रम १९१६ च्या कॅडिलॅकमध्ये दिसतो. १९२२ च्या ऑस्टिन सेव्हनने तो इंग्लंडात सामान्य कुटुंबांपर्यंत नेला. तेथे कोणता क्रम उत्तम हा प्रश्न गौणच होता. सर्वत्र एकच असावा, एवढेच अगत्याचे होते.

ग्रामोफोनची गोष्ट निराळी. तेथे रूढीने गाण्यासच माप लावले. आरंभी तबकडीचा वेग कंपनीगणिक कमीअधिक असे. पुढे अमेरिकेत मिनिटास ३६०० फेरे घेणारी विजेची मोटार व ४६ स १ असे दंतचक्र यांची जोड बसली आणि अठ्ठ्याहत्तरचा आकडा पक्का झाला. या वेगाने दहा इंची तबकडीवर गाणे मावे सुमारे तीन मिनिटे. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान गायिल्या, त्या याच बेताने. तासभर चालणारा ख्याल गवयांनी आलाप छाटून, ताना आवळून त्यात बसविला. त्यांच्या त्या कौशल्यास आम्ही दादच देतो.

पुढचा वेग तर चित्रपटगृहातून आला! १९२६ च्या व्हिटाफोन बोलपटांत हजार फुटी रिळाबरोबर अकरा मिनिटे चालणारी तबकडी हवी होती. म्हणून सोळा इंची तबकडी मिनिटास तेहेतीस व एक तृतीयांश फेऱ्यांनी फिरविली. १९४८ साली कोलंबिया कंपनीने चर बारीक करून हाच वेग घरगुती तबकडीस दिला, आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. १९५५ साली अली अकबर खाँचे सरोदवादन अमेरिकेत अशा तबकडीवर निघाले, एका बाजूस एक राग.

मिरजेचे अब्दुल करीम खाँ १९३७ सालीच निवर्तले होते. त्यांचा ख्याल अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांवर जेवढा मावला, जवळजवळ तेवढाच आमच्या वाट्यास आला आहे.