रात्रीच्या मीटिंगवर लेखी उतारा

कॅलिफोर्नियात सकाळचे ९ वाजतात, तेव्हा पुण्यात रात्रीचे ९.३०. हिवाळ्यात तिकडची घड्याळे तासभर मागे जातात आणि तीच मीटिंग इथे १०.३० ला सुरू होते. जागरण बहुधा इकडच्या टीमच्याच वाट्याला येते.

ते अटळ नाही. लिनक्स कर्नलवर जगभरातले हजारो प्रोग्रामर काम करतात. बदल ईमेलने पाठवले जातात, चर्चा तिथेच लेखी होते आणि २००५ पासून ‘गिट’मध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहते. साधारण ९-१० आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते.

काय झाले, काय अडले, पुढचे काम कोणाचे, हे दिवस संपताना लिहून ठेवले तर मीटिंग फक्त अडलेल्या मुद्द्यांपुरती उरते. मग तिची गैरसोयीची वेळही दोन्हीकडे आळीपाळीने यायला हवी.