शून्य दाखविणारे यंत्र

मार्च 2022 मध्ये सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावर ड्रेनेजच्या चेंबरमध्ये गुदमरून चार मजूर मरण पावले. अशा प्रत्येक मृत्यूनंतर एकच सूर निघतो : यंत्रे घ्या. 2013 च्या कायद्याखालील नियमांत चार वायू मोजणारे यंत्र नमूद आहेच. आमचा प्रश्न निराळा आहे. घेतलेल्या यंत्राचे पुढे काय होते?

या यंत्राचा प्राण त्याच्या सेन्सरमध्ये असतो. हायड्रोजन सल्फाइडचा सेन्सर म्हणजे एक लहानशी विद्युत-रासायनिक कुपी. वायू आत शिरला की तीत प्रवाह उत्पन्न होतो व त्यावरून पडद्यावर आकडा उमटतो. तिचे आयुष्य साधारणतः दोन-तीन वर्षे. यंत्र कपाटात ठेवले तरी ती झिजतेच, आणि सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तिच्यातील द्रव अधिकच सुकतो. प्राणवायूचा सेन्सर संपला तर आकडा खाली येऊन यंत्र निदान ओरडते तरी. ही कुपी मेली की शून्य दाखविते. शुद्ध हवेतही शून्यच! नाकावर विसंबावे, तर सुमारे 100 पीपीएमच्या पुढे हा वायू घ्राणशक्तीच बधिर करतो.

म्हणून रोज काम सुरू होण्यापूर्वी ज्ञात प्रमाणाचा वायू यंत्रावर सोडून ते बोलते की नाही, हे पाहावयाचे असते. आता ठेकेदारीचा हिशेब पाहा. यंत्र खरेदी झाले की निविदेची अट पुरी होते. सेन्सर बदलणे हा मात्र दर दोन-तीन वर्षांनी येणारा, उद्घाटन नसलेला खर्च; तो नफ्यातून कोण करील? मग अपघात झाला की ‘मजूरच निष्काळजी’ हे ठरलेले उत्तर. मेलेल्या सेन्सरवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाने आणखी कोणती काळजी घ्यावयाची होती?

सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा मृत्यूची भरपाई 10 लाख व 2023 मध्ये 30 लाख रुपये ठरविली. ती मिळालीच पाहिजे. माणसाला गटारात उतरविणेच बंद व्हावे, ही मागणीही आम्ही सोडलेली नाही. परंतु तोवर कार्यकर्त्यांनी प्रत्येक चेंबरवर जाऊन यंत्र हातात घ्यावे, सेन्सर बसविल्याची तारीख व त्या दिवसाच्या चाचणीची नोंद मागावी, आणि ती दाखविली जाईपर्यंत एकाही कामगाराला खाली उतरू देऊ नये.