हरवलेली फाइल कुणाची?

मराठी माणसाच्या लेखी ‘फाइल’ या शब्दाला मोठं वजन आहे. फाइल म्हणजे कागद आणि कागद म्हणजे आपलं अडलेलं काम. फाइल पुढे सरकली, फाइल साहेबांच्या टेबलावर आहे, फाइल वर गेली आहे, अशा वाक्यांवर दोन-तीन पिढ्यांची सुखदुःखं लोंबकळत राहिली. ‘फाइल सापडत नाही’ असं कारकुनानं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा, कारण पेन्शन, जमिनीचा फेरफार नाहीतर घराचं कर्ज त्या फाइलीत असायचं. हा शब्द जसाच्या तसा संगणकात गेला आणि तिथे त्यानं एक घोटाळा करून ठेवला.

एखाद्या सकाळी घरातला संगणक छोट्याशा चौकटीत इंग्रजीतून सांगतो की, अमुक डीएलएल फाइल मिळाली नाही, सबब हा प्रोग्रॅम चालू करता येत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, आपली फाइल गेली. नातीच्या बारशाचे फोटो गेले, सोसायटीचे हिशेब गेले, लिहून ठेवलेलं सगळं गेलं. वास्तविक हरवलेली ती फाइल आपली नसतेच. ती यंत्राची असते. आपले फोटो नि आपले हिशेब बहुतेक वेळा जागच्या जागी असतात. पण एवढं सांगणारं कुणी नसतं, म्हणून घाबरलेला माणूस दुरुस्तीला धावतो आणि जे हरवलंच नव्हतं ते दुरुस्तीच्या नावाखाली गमावून बसतो. हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणून आज हा विषय.

डीएलएल म्हणजे ‘डायनॅमिक लिंक लायब्ररी’. नाव भारदस्त आहे, पण कल्पना आपल्या ओळखीची आहे. जुन्या वाड्यांत दहा बिऱ्हाडांत मिळून एखादंच पुरणयंत्र असे. होळीला ते या घरातून त्या घरात फिरे. प्रत्येकानं वेगळं घेण्याची ऐपत नव्हती आणि गरजही नव्हती. संगणकाचंही तसंच होतं. विंडोज ९५ आली तेव्हा, म्हणजे १९९५ साली, ती चालवायला किमान ४ मेगाबाइट स्मृती लागे, आणि फ्लॉपीवर मावत १.४४ मेगाबाइट. एवढ्याशा जागेत प्रत्येक प्रोग्रॅमनं आपापला संसार थाटणं परवडणारं नव्हतं. तेव्हा छपाई करणं, अक्षरं दाखवणं, आकडेमोड करणं असली समाईक कामं करणारे तुकडे एकाच ठिकाणी ठेवायचे आणि सगळ्यांनी ते वापरायचे, अशी व्यवस्था झाली.

आता समाईक वस्तूचं जे व्हायचं तेच झालं. एका बिऱ्हाडानं पुरणयंत्राची जाळी आपल्या सोयीनं बदलली आणि बाकीच्यांचं पुरण त्यातून उतरेना. दुसऱ्यानं बिऱ्हाड हलवताना पुरणयंत्रच टेम्पोत टाकलं. नवा प्रोग्रॅम बसवताना तो समाईक फाइलीवर आपली आवृत्ती, कधी नवी तर कधी चक्क जुनी, लिहून मोकळा होई. काढून टाकताना ती फाइल बरोबर घेऊन जाई. या गोंधळाला संगणकवाल्यांनी स्वतःच ‘डीएलएल हेल’ म्हणजे नरक असं नाव दिलं होतं. पुढे विंडोज ९८मध्ये फाइली तपासणारी सोय आली, विंडोज २०००मध्ये मुख्य फाइलींवर पहारा बसला आणि २००१ सालच्या एक्सपीमध्ये एकाच फाइलीच्या निरनिराळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी नांदू लागल्या. नरक पुष्कळसा आवरला, पण संपला मात्र नाही.

जुन्या झालेल्या फाइलीचा उपद्रव मराठी लिहिणाऱ्यांनी चांगलाच सोसला आहे. युनिकोडमधलं मराठी विंडोज २०००पासून दिसू लागलं. पण अक्षरांची जुळणी करणारी ‘यूएसपी१०’ नावाची एक डीएलएल असे. ती जुनी असली, किंवा एक्सपीमध्ये ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ची सोय मूळ सीडी घालून बसवलेली नसली, की पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाण्याऐवजी मागे जाऊन बसे आणि जोडाक्षरांचे पाय मोडत. कित्येकांनी त्यावरून निकाल दिला की, मराठी भाषाच संगणकाला झेपत नाही. भाषेचा यात काडीचा दोष नव्हता. विंडोज व्हिस्टापासून ही सोय मुळातच बसवून येऊ लागली आणि ती तक्रार बंद झाली.

आमच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. मावळातल्या म्हाताऱ्या बायकांकडून त्यांनी वर्षानुवर्षं जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या आणि संगणकावर लिहून काढल्या. सांगणाऱ्या बायकांपैकी बऱ्याचजणी आता हयात नाहीत. एका सकाळी त्यांचा लिहिण्याचा प्रोग्रॅम उघडेना. दुरुस्तीवाल्यानं फोनवरच निदान केलं : ‘विंडोज उडालीय, फॉरमॅट मारावा लागेल. डेटाची गॅरंटी नाही.’ दुपारी तो मशीन न्यायला येणार होता. बाई माझ्याकडे आल्या त्या डोळ्यांत पाणी घेऊनच.

“बाई, त्या चौकटीत काय लिहिलंय ते मला आधी दाखवा,” मी म्हटलं.

त्यांनी मोबाइलवर फोटो काढला होता. नाव होतं ‘व्हीसीरनटाइम१४०’. मी त्यांना ओव्यांचा फोल्डर उघडायला लावला. एकूण एक फाइल तिथे होती.

“अहो, मग हरवलंय ते काय?”

“लिहिणाऱ्या प्रोग्रॅमचं एक हत्यार. तुमचं काही नाही.”

आधी आम्ही सगळ्या ओव्या पेनड्राइव्हवर उतरवल्या. मग उलगडा झाला. सुट्टीत आलेल्या नातवानं संगणक ‘साफ’ केला होता. प्रोग्रॅमच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’ हे एकच नाव पाच-सहा वेळा दिसलं, म्हणून त्यानं ती अडगळ काढून टाकली. ती अडगळ नव्हती. नावापुढची सालं वेगवेगळी असतात आणि प्रत्येक सालाचं गिऱ्हाईक वेगळं असतं. फाइलीच्या नावातला १०० हा आकडा २०१०च्या संचाचा, १२० हा २०१३चा आणि १४० हा २०१५ व त्यानंतरच्या संचाचा. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तो संच बाईंनी आपल्या हातानं उतरवून बसवला. तो फुकट मिळतो. प्रोग्रॅम उघडला. फॉरमॅट झाला असता, तर यंत्र ठणठणीत होऊन परत आलं असतं, पण त्या ओव्या पुन्हा सांगायला कोण येणार होतं?

म्हणून अशी चौकट दिसली की पहिलं काम, तिचा फोटो काढावा. फाइलीचं पूर्ण नाव आणि प्रोग्रॅमचं नाव, दोन्ही हवीत. दुसरं, आपलं लेखन नि फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. एकच प्रोग्रॅम अडला असेल, तर दुखणं बहुधा त्याच्यापुरतं असतं. पण रोज नवी फाइल नाहीशी होत असेल, तर संगणकाची डिस्कच म्हातारी झालेली असू शकते, तेव्हा उतरवून घेण्यात दिरंगाई नको. तिसरं, रीसायकल बिन आणि अँटिव्हायरसनं अडकवून ठेवलेल्या फाइलींची यादी पाहावी. मग तो प्रोग्रॅम काढून मूळ ठिकाणाहून पुन्हा बसवावा आणि लागल्यास वर सांगितलेला संच. संगणक ६४ बिटचा असला तरी जुन्या प्रोग्रॅमसाठी ३२ बिटचा संचही लागतो. खुद्द विंडोजची फाइल बिघडली असेल, तर ‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही आज्ञा तपासून दुरुस्ती करते. विंडोज ८पासून तिच्याआधी ‘डीआयएसएम’ ही आज्ञा चालवणं श्रेयस्कर. दोन्ही अॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारानं चालवाव्या लागतात. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला हे अर्ध्या तासाचं काम आहे.

चौकटीत ‘कर्नल३२’ या फाइलीत ‘एंट्री पॉइंट’ सापडत नाही असं लिहिलं असेल, तर मामला वेगळा. फाइल आहे, पण जुनी आहे. नव्या प्रोग्रॅमला जे काम हवंय ते तिला शिकवलेलंच नाही. अशा वेळी त्या प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती घ्यावी किंवा विंडोज बदलावी. ती एकच फाइल दुसरीकडून आणून कोंबली, तर अख्खं यंत्र बसेल. घरोघरच्या विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हा हा प्रसंग पुढे बऱ्याच घरांत येणार आहे.

इथे माझ्या बँकेतल्या नोकरीतला एक धडा सांगतो. चेक कितीही सुबक असो, नमुना सही जुळवल्याशिवाय काउंटरवरून पैसे द्यायचे नाहीत, हा आमचा पहिला पाठ. इंटरनेटवर सुट्या डीएलएल फाइली वाटणारी दुकानं उघडलेली आहेत. हरवलेल्या फाइलीचं नाव शोधलं की तीच आधी पुढे येतात. तिथली फाइल खरी असेलही. पण ती कुणाची, केव्हाची आणि तिच्यात कुणी काय मिसळलं, याला जामीन कोण? बिनसहीचा चेक आपण वटवत नाही, मग बिनजामिनाची फाइल घरात का घ्यावी? उतरवलेल्या सेटअपवर माऊसचं उजवं बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ पाहिलं, तर बनवणाऱ्याची सही तिथे तपासता येते. आणि चौकटीत फोन नंबर दिसला तर समजावं की ती चौकटच खोटी. खऱ्या चौकटीत मायक्रोसॉफ्ट कधीही फोन नंबर देत नाही. त्या नंबरावर फोन करून कुणी पैसे गमावले असतील, तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी.

हे झालं आपल्या बाजूचं. पण सगळी शहाणपणाची जबाबदारी सत्तरीतल्या बाईंवर टाकून बनवणाऱ्यानं नामानिराळं राहावं, हे मला मान्य नाही. समाईक वस्तू वापरायची, तर ती जागेवर आहे की नाही हे पाहण्याचं काम वापरणाऱ्या प्रोग्रॅमचं आहे. नसेल तर तिचा पत्ता देण्याचं कामही त्याचंच. त्या चौकटीत आज एका अगम्य नावापलीकडे आणि ‘पुन्हा बसवून पाहा’ या मोघम सल्ल्यापलीकडे काही नसतं. तिथे तीन साधी वाक्यं हवीत : ही फाइल आमची आहे, तुमची नाही. तुमचं लिखाण या चौकटीमुळे गेलेलं नाही. ही फाइल इथेच आणि फुकट मिळेल. शिवाय ही वाक्यं मराठीत हवीत. अब्जावधींचा व्यापार करणाऱ्यांना तीन वाक्यं जड नाहीत.

तोवर दुरुस्तीवाल्याच्या तोंडून ‘फॉरमॅट’ हा शब्द निघाला, की प्रत्येक घरानं त्याला एकच प्रश्न विचारावा : हरवलेली फाइल कुणाची, तुमच्या यंत्राची की आमची? याचं उत्तर त्याला देता आलं नाही, तर मशीन त्याच्या हाती देऊ नये.